मीठ हातात घेऊन

१३ जानेवारी २०२५

दादा,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, तो केला असं धर. माझा नंबर दिसला की तू फोन कापतोस, म्हणून पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड, कारण काल मी जे ऐकलं त्याने माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

आपल्या क्रीडा मंडळाने मैदानाला लागून पॅव्हेलियन बांधलंय. त्याच्या भिंतीवर गावाच्या आजवरच्या सगळ्यात मोठ्या फलंदाजाचं चित्र काढायचं आहे. तो कोण, हे ठरवायला काल देवळात सभा होती. मी मुद्दाम गेले. म्हटलं, यात ठरवायचं काय आहे? कोणीतरी काळूरामचं नाव घेईल, टाळ्या पडतील आणि मग चहा. तुझा कुठला फोटो द्यायचा तेही मी मनात ठरवून गेले होते.

अरे, तुझं नाव शेवटी आलं! तेही अध्यक्ष हरेश्वरला डोकं खाजवल्यावर आठवलं म्हणून. सगळ्या पोरांचं एकच नाव, प्रज्योत. आपल्या धाकट्या भावाचा, विनेशचा प्रज्योत. त्याचे फटके मोबाईलवर कुठली कुठली माणसं बघतात, टेनिस चेंडूच्या स्पर्धांना पालघरपासून रत्नागिरीपर्यंतचे संघ त्याला गाडी पाठवून नेतात. सगळं खरं आहे. पोरगा माझ्या हाताखाली वाढलाय, त्याचं कौतुक मला का खुपेल? पण मग एक जण उठला आणि म्हणाला, "काळूराम भारी व्हता म्हनतात, पन त्याला लेगला एक फटका मारता येत नव्हता. माझा बापूसच सांगायचा. आपला प्रज्योत तर लेगला डोले मिटून छक्का मारतो."

आणि दादा, भरल्या सभेत एकानेही तोंड उघडलं नाही. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यात तुझ्याबरोबर खेळलेले दोन म्हातारेही होते. ते सुपारी कातरत बसले.

लेगला मारता येत नव्हता! अरे, लेगला मिठागर होतं! भात कापल्यावर आपण शेतात खेळपट्टी करायचो, बॉलिंग एकाच टोकाकडून, आणि फलंदाजाच्या डाव्या हाताला बांध, बांधापलीकडे मिठाचं पाणी. बांधावर टप्पा पडला तर छक्का, पण चेंडू थेट पाण्यात गेला तर बाद. खाऱ्या पाण्यात चेंडू वाया जायचा आणि तो काढायला उतरलं की मिठागराचा मालक, शिलोत्री, अंगावर धावून यायचा, म्हणून तो नियम. तू अर्धं मैदान सोडून खेळलास. अर्ध्या मैदानात सगळ्या तालुक्याला नाचवलंस. आता मिठागर बुजवून तिथे कंटेनरचं यार्ड झालंय. यार्डाच्या भिंतीवर चेंडू आदळला की डीजे वाजतो. तुझ्या वेळी तिथे मरण होतं, हे या पोरांना कोणी सांगितलेलंच नाही.

हरेश्वर सभा आवरायला म्हणाला, "ह्या वादाला अंत न्हाय. गावसकर मोठा का तेंडुलकर, तेंडुलकर मोठा का कोहली? एकाच्या टायमाला डोक्याला हेल्मेट न्हाय, दुसऱ्याच्या टायमाला बॅटी जाडजूड, तिसऱ्याला रोज मॅच. दोघांना एकाच बॉलरनं टाकलं असतं तरच कललं असतं."

मी उठले. म्हटलं, "टाकलंय. मी टाकलंय दोघांना."

देऊळ हसून हसून पडायला आलं. हसू देत. खळ्यात सायकलच्या ट्यूबचा चेंडू करून तुला कोणी टाकला? शाळा सुटली की दिवेलागणीपर्यंत मी टाकायची. एकदाही बॅट दिली नाहीस मेल्या. आणि सासरहून परत आल्यावर विनेशच्या पोराला त्याच खळ्यात मीच टाकला. त्यानेही बॅट दिली नाही. घराण्याची रीतच आहे ती.

"मंग सांग ना कमलाताय, कोन मोठा?" हरेश्वरने विचारलं.

"काळूराम," मी म्हटलं. "आणि पटत नसेल तर मिठागर परत आणा आणि तुमच्या हिरोला खेळवून बघा."

पोरं पेटली. यार्डाच्या भिंतीलगत मिठागराचा एक चर आणि त्याचा बांध अजून शिल्लक आहे, भरतीचं पाणी असतं चरात. ठरलं, दोन फेब्रुवारीला जुन्या नियमांनी सामना. समोर खाडीपलीकडचं गाव. हो, माझं सासर.

तू ये. ती भिंत तुझी आहे. ती मी दुसऱ्या कोणाला घेऊ देणार नाही.

तू मानत नसलास तरी तुझी बहीण,
कमळ


२४ जानेवारी २०२५

दादा,

पत्र पोचल्याचं विनेशकडून कळलं. मी विचारलं, काय म्हणाला? विनेश म्हणाला, "दादूस बोलला, पत्र आला." पुढे? "पुढं काय न्हाय. गांधीधामला थंडी जाम हाय बोलला." थंडी! बहीण इथे तुझ्यासाठी गावाशी भांडतेय आणि तू हवामान सांगतोस.

मला ठाऊक आहे तू कुठे अडकलायस. तू अजून त्या बांधावर उभा आहेस. छत्तीस वर्षं एका जागी उभं राहून पाय कसे दुखत नाहीत तुझे?

तर मग तेही होऊन जाऊ दे, म्हणजे एकदाचं लिहिलेलं राहील. ती फायनल होती. समोर खाडीपलीकडचे, आणि त्यांचा बॉलर चांगदेव, ज्याच्याशी माझी सुपारी फुटली होती. शेवटचा चेंडू, तुला छक्का पाहिजे होता. जन्मात लेगला बॅट न उचललेला माणूस तू, आणि त्या चेंडूवर लेगला उंच मारलास. आपली माणसं ओरडली, बांधावर पडला. ते ओरडले, पाण्यात पडला. सगळ्यात जवळ बायकांच्या घोळक्यात मी उभी होते. पंचाने आपल्या रिवाजाप्रमाणे ढिगातलं मूठभर मीठ माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मीठ हातात घेऊन सांग." मिठाच्या गावात त्याच्यापुढे शपथ नाही. मी सांगितलं, थेट पाण्यात.

तू बॅट चिखलात फेकलीस आणि घरी येऊन आयसला म्हणालास, "हिनं भावाला विकून नवऱ्याला जिंकवला."

लग्नाला तू आला नाहीस. मांडवात कानपिळीची वेळ झाली, भटजी विचारतायत, वधूचा भाऊ कुठे? नवऱ्याचा कान पिळायला भाऊ पाहिजे ना! कोणीतरी विनेशला पुढे ढकललं. तेव्हा चांगदेवने स्वतःच्या कानावर हात धरला. म्हणाला, "ह्यो कान काळूरामचा हाय. तो येल तवा पिलंल." मांडव हसला. मी मुंडावळ्यांच्या आड रडले.

दादा, तो हे गमतीत बोलला नव्हता. दर दिवाळीला विचारायचा, "तुझा भाऊस आला का कान पिलायला?" वीस वर्षांपूर्वी तो गेला, तोपर्यंत विचारत होता. तू तेव्हाही आला नाहीस.

आजही मीठ दिलंस तर मी तेच सांगेन. थेट पाण्यात पडला. मी खोटं बोलले असते तर त्या घरचा भात माझ्या घशाखाली उतरला नसता. पण आता तो वाद नाहीच आहे. वाद तुझ्या नावाचा आहे. मी म्हातारी एकटी बोंबलतेय की काळूरामसारखा दुसरा झाला नाही, आणि काळूराम गांधीधामला स्वेटर घालून बसलाय.

दोन तारखेला ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मैदानावर नुसता येऊन उभा राहा, म्हणजे या पोरांना कळेल मोठा माणूस दिसतो कसा.

कमळ


३ फेब्रुवारी २०२५

दादा,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर विनेशला फोन करून विचार. काल जे झालं ते मी स्वप्नात जरी पाहिलं असतं तरी दचकून उठले असते.

सामना झाला. मैदानावर जत्रा लोटली होती. बॅटी सुताराकडून जुन्या नमुन्यावर तासून घेतलेल्या, हातमोजे नाहीत, बॉलिंग एका टोकाकडून. सगळं मोबाईलवर थेट दाखवत होते. मी चराच्या कडेला, पूर्वीच्याच जागी, खुर्ची टाकून बसले. मनात म्हटलं, आता बघा गंमत. लेगची दारं बंद झाली की हा हिरो दोन षटकांत गारठतो की नाही बघा.

नाही गारठला. पहिला धक्का मला तिथेच बसला. प्रज्योतने लेगकडे ढुंकून पाहिलं नाही. ऑफच्या बाहेरचा चेंडू अगदी अंगाजवळ येऊ दिला, बॅट उशिरा आणली आणि नुसता वळवला. दादा, माझ्या अंगावर काटा आला. तो तुझा फटका होता! तुझी मान वाकायची तशी मान, मागचा पाय तसाच. तुझा खेळ त्याने कधी पाहिलेला नाही, तुझी कसली फिल्मही नाही. मग कुठून आला?

मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. खळ्यात तुझ्या लेगला विहीर होती, चेंडू तिकडे गेला की खेळ संपला, म्हणून मी कायम ऑफला टाकायची. प्रज्योतच्या वेळी विहिरीवर जाळी आली, पण माझ्या हाताची सवय कुठे जाते? त्यालाही मी तिकडेच टाकला. म्हणजे गाव ज्या दोघांवरून भांडतंय, ते दोघेही माझ्याच चेंडूने घडलेत. मी खुर्चीत ताठ बसले बघ. शेजारची बाई म्हणाली, "आते, बरा वाटतंय ना?"

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुला छान पत्र लिहिलं असतं.

शेवटचा चेंडू. छक्का पाहिजे. मला वाटलं, देवा, हे नको. पण झालं तेच. बॉलरने पायात टाकला आणि प्रज्योतने लेगला उंच उचलला. चेंडू माझ्याच दिशेने आला. आपली पोरं नाचायला लागली, डीजे सुरू झाला, खाडीपलीकडचे ओरडायला लागले, पाण्यात, पाण्यात. कॅमेऱ्यावर बघा म्हणून सगळे त्या कॅमेरावाल्याकडे धावले. एवढा काळ बदलला, एवढी यंत्रं आली, आणि तो शहाणा नेमका त्या वेळी नाचणाऱ्या पोरांकडे कॅमेरा फिरवून बसला होता.

पंच माझ्याकडे आला. मीठ कुठे होतं आता? वडापावच्या गाडीवरून कोणीतरी आयोडीनची पिशवी आणली, पंचाने ती दाताने फोडली आणि माझ्या हातात ओतली. तीच जागा, तोच प्रश्न, आणि घरचाच माणूस खेळपट्टीवर. दादा, मी तुला खरं सांगते, एक क्षण वाटलं, बांधावर पडला म्हणून सांगून टाकावं. एकदा खरं बोलून भाऊ गेला. आता हाही गेला तर माझ्याशी कोण बोलेल?

पण चेंडू थेट पाण्यात पडला होता. चराचं पाणी माझ्या पायावर उडालं होतं. मी सांगितलं, "थेट पाण्यात."

काय गदारोळ झाला! "म्हातारीला दिसत न्हाय!" "सासरची झाली पुन्ना!" जुनं प्रकरण या पोरांपैकी कोणालाच ठाऊक नाही असं मी समजत होते, पण ते बरोबर वर आलं. कोणीतरी पाण्याची बाटली फेकली. आणि त्या गर्दीतून प्रज्योत माझ्याकडे आला, बॅट हातात, तोंड लालबुंद. मी डोळे मिटले. मला तू दिसायला लागलास.

तो म्हणाला, "आते, तू नीट बगलास ना?"

"व्हय रे बाबा."

"मंग झाला." आणि पोरांकडे वळून ओरडला, "आते बोलली म्हंजे आऊट! बाटली कोनी फेकली? पुढं ये!" कोणीही पुढे आलं नाही. त्याने बॅट काखेत मारली, खाडीपलीकडच्या बॉलरशी हात मिळवला आणि चालत निघून गेला.

दादा, मला तिथेच रडू फुटलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. मी तुझी बाजू घेऊन गेले होते. तीन आठवडे गावाला शिव्या घालत होते. आणि मला कळलं की माझं उत्तर बदललंय. मला ते नको होतं, पण बदललं. फटक्यांत तू आजही काकणभर सरस आहेस. तुझ्यासारखा उशिरा खेळणारा मी पाहिला नाही, आणि मी टाकलाय म्हणून मला कळतं. पण तोच चेंडू, तोच नियम, तीच बहीण-आत्या बांधावर उभी, आणि तुम्ही दोघं काय वागलात? काळ वेगळे होते म्हणून तोलता येत नाही म्हणतात ना, इथे काळाला लुडबुडायला जागाच नव्हती.

आज सकाळी हरेश्वर विचारायला आला. मी सांगितलं, "प्रज्योत." तो बघतच राहिला. मीही माझ्या तोंडाकडे बघत राहिले असते, आरसा असता तर.

तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. आता तू जन्मभर बोलणार नाहीस. ते मी धरून चाललेय.

कमळ


११ फेब्रुवारी २०२५

दादा,

काल सकाळी मी ओटीवर सुकट निवडत बसले होते. प्रज्योत फोन घेऊन आला, म्हणाला, "आते, गांधीधामवरशी हाय. तुला बघायला मांगतात."

पांढरी दाढी. मी आधी ओळखलंच नाही. मला वाटलं आपला बापूसच वरून फोन करतोय.

तू मूठ पुढे केलीस आणि उघडलीस. जाडं मीठ होतं, तुमच्या तिकडचं, कच्छचं. आणि म्हणालास, "थेट पान्यात पडला व्हता, कमल. मी बगला व्हता. पानी उडलेला बगला." मग म्हणालास, विनेशने पाठवलेल्या लिंकवर सगळा सामना पाहिला. पोरगा चालत गेला ते पाहिलं. "त्याला सांग, भिंत त्याचीच हाय."

आणि मी फोन आपटून बंद केला. प्रज्योतला वाटलं रेंज गेली. रेंज नाही गेली, मी बंद केला.

तुला ठाऊक होतं!

कालपासून मी घरात याच तीन शब्दांना घेऊन फिरतेय. भात करपला. मला इतकी वर्षं वाटायचं, तुला दिसलं नसेल. लांबून बांधावर पडल्यासारखा भासला असेल, माझ्यावर संशय आला असेल, माणूस आहे. त्या भासाला धरून मी तुला रोज माफ करत होते. भास नव्हताच! तू खेळपट्टीवरून पाणी उडालेलं पाहिलंस, घरी आलास, आणि आयसच्या तोंडावर मला विकलेली म्हणालास. आयस मरेपर्यंत माझ्याकडे थोडी तिरकी बघायची, ठाऊक आहे तुला? खरं काय ते तिला कळलंच नाही.

संध्याकाळी तू पुन्हा फोन केलास. मी घेतला नाही, प्रज्योतने घेतला. तू त्याला जे सांगितलंस ते त्याने मला सांगितलं. आदल्या दिवशी कोणीतरी तुला डिवचलं होतं, काळूरामला लेगला येत नाही म्हणून. तेवढ्यासाठी तू तो फटका मारलास. आणि गाव हरलं ते तुझ्या मिजाशीपायी, हे कबूल करण्यापेक्षा माझ्यावर ढकलणं सोपं गेलं. मग एकदा बोलून बसलास, आणि मागे फिरायला लाज वाटत गेली. लाज वाटायला गांधीधामपर्यंत जायला लागतं होय रे?

मला वाटलं होतं, तू कधी बोललास तर मी विरघळून जाईन. नाही विरघळले. मी संतापलेय. साठी उलटलेल्या बाईने इतकं संतापू नये म्हणतात, पण मी संतापलेय, आणि बरं वाटतंय.

भिंतीचं ऐक. रंगारी आलाय. पोरांना प्रज्योत छक्का मारताना पाहिजे होता. मी हरेश्वरला म्हटलं, छक्के कोणीही मारतं. तो बॅट काखेत घेऊन चालत निघालाय असा काढा. प्रज्योत स्वतः लाजून पळून गेला, पण चित्र तसंच निघतंय. आणि त्याच्या डाव्या हाताला मी मिठागर काढायला लावलंय, पाणी आणि बांध, म्हणजे पुढच्या पोरांना कोणी विचारलं तर सांगता येईल की इथे पूर्वी एक जण अर्ध्या मैदानात खेळायचा. तुझं नाव खाली लहान अक्षरांत असेल. माझं राहू दे.

आता तुझं. विनेश म्हणतो, दादूस यायचं म्हणतोय. ये. अडवणारी मी कोण? घर तुझंही आहे. पण चहा मिळण्याआधी एक काम आहे. चांगदेवचा फोटो ओटीवरच लावलाय, दारातून आत आलास की समोर. त्याला हार आणू नकोस. तो तुझ्यासाठी कान राखून बसला होता, तो काही आता तुझ्या हाताला लागायचा नाही. तेव्हा फोटोसमोर उभा राहा आणि स्वतःचा कान धर. मी बाजूला उभी राहून बघेन.

नंतर कोणी विचारलं, काळूरामने खरंच कान धरला का, तर मी मीठ हातात घेऊन सांगेन.

कमळ